जत्रेला फाटक नसतं

रांगेत उभं राहायला आवडणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, ते म्हणजे वसुधाताई दिघे. तुम्ही-आम्ही रांग टाळतो. पुढे कुणी ओळखीचं दिसलं तर हळूच त्याच्या शेजारी सरकतो. ताईंचं उलट. दुबईच्या देरा भागात आमच्या ऑफिसखाली एक इराणी बेकरी होती. संध्याकाळी तिथे गरम रोट्यांसाठी ही रांग लागायची. ताई त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि नंबर आला की "राहू दे, नको" म्हणून बाजूला व्हायच्या. बेकरीवाल्याची खात्री होती की बाईचा स्क्रू ढिला आहे. नवीन होतो तेव्हा माझंही फार वेगळं मत नव्हतं.

शेवटी एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "रोटी कुणाला हवीय, सोमण? माणूस कुठे चिडतो ते बघत होते. पहिल्या वळणापर्यंत बरा असतो. दुसऱ्याला घड्याळ बघतो. तिसऱ्या वळणाला बायकोवर खेकसतो. आपण त्याला तिसऱ्या वळणाच्या आधी काहीतरी दाखवायचं. पाणी, नाहीतर सावली, नाहीतर वर ओरडणारी माणसं."

हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. त्या मनोरंजन पार्कांची आखणी करायच्या. आमची कन्सल्टन्सी म्हणजे गोदामं, चार मजली बिल्डिंगा आणि फार तर एखादी शाळा. मी त्यातला खांब-पाया बघणारा इंजिनिअर. नव्वदीच्या मध्याला अमिरातीत ज्याला त्याला मॉल आणि पार्क हवं झालं, तेव्हा आमच्या चीफ इंजिनिअरने, समीरने, कुठून तरी ताईंना शोधून आणलं. समीर अम्मानचा, अरब. माणूस वाईट नव्हता. फक्त क्लायंट हसला की त्याला हसू यायचं आणि क्लायंटच्या कपाळाला आठी पडली की याच्याही पडायची.

ताई तेव्हा पंचावन्नच्या पुढे असाव्यात. पुरुषी कटाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट, पायात साइटवरचे बूट. लग्न होऊन ओहायोत गेल्या होत्या. नवरा पोलादाच्या कारखान्यात, आणि घरात बसून कंटाळा येतो म्हणून ताई तिथल्याच एका पार्कच्या ड्रॉइंग ऑफिसात लागल्या. पुढे नवरा सुटला, काम सुटलं नाही. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात एका वहिनींनी गोड आवाजात विचारलं, "मिस्टर कुठे असतात?"

"ओहायोत."

"कसे आहेत?"

"बरे असतील. मला कळवत नाहीत."

ताईंनी शांतपणे तिळगूळ खाल्ला, आणखी एक मागून घेतला आणि माझ्या बायकोला, मंजिरीला, म्हणाल्या, "इथल्या खुर्च्या फार वाईट आहेत. बायका म्हणूनच लवकर उठून जातात." मंजिरी तशी अबोल. पण घरी येताना गाडीत ती एकटीच हसत होती.

बसण्याच्या जागेचं त्यांना वेड होतं. ऑफिसात त्यांनी सुताराकडून बाकाचे नमुने करून आणून ठेवले होते. येईल त्याला, मग तो बँकेचा साहेब असो की चहावाला मलबारी, आधी तिथे बसवायचं आणि चहा द्यायचा. चहा संपायच्या आत माणूस उठला तर ते बाक बाद. "पाळणा काय, कॅटलॉगमधून कुणीही विकत घेईल. सावली आणि बाक यांना डोकं लागतं," असं त्या म्हणायच्या, आणि ते डोकं आपल्याखेरीज ऑफिसात कुणाला नाही हेही लगेच ऐकवायच्या. नम्रपणा त्यांच्या गावी नव्हता. त्यांच्या हातचं वरण मी एकदा खाल्लं आहे, त्याविषयी मी काही बोलणार नाही. पण मला त्या आवडायच्या. आम्ही सगळे व्हिसाला टांगलेली माणसं. "येस सर"च्या पलीकडे आमची जीभ वळत नसे. त्यांची वळायची, आणि ती ऐकताना मला फार बरं वाटायचं.

अमेरिकेतलं पार्क म्हटलं की सगळ्यांना कॅलिफोर्नियातला तो टोकदार मनोऱ्यांचा किल्ला आठवतो. ताईंसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "ते पैशेवाल्याचं स्वप्न आहे. मी सांगते ती गावागावांतली पार्कं," म्हणून डबा उघडता उघडता सुरू व्हायच्या. जुन्या काळी ट्राम कंपन्यांची गाडी आठवडाभर कामगारांनी भरलेली असायची आणि रविवारी रिकामी. मग कंपन्यांनी काय केलं, तर जिथे ट्रामचा रूळ संपतो तिथे तळ्याकाठी झाडी राखली, चार बाकं टाकली, बँड आणला, एक लाकडी रोलर कोस्टर उभा केला. आत यायला तिकीट नाही. पाळण्यात बसायचं तर तिकीट. गिरणीतला माणूस बायको-पोरं आणि डबा घेऊन रविवारी तिथे. "म्हणजे आपली जत्राच की, सोमण. आमच्या गावच्या जत्रेला फाटक होतं का? देवळाकडून या, ओढ्याकडून या. जत्रेला फाटक नसतं."

मग मोटारी आल्या, ट्राम मेल्या, त्या किल्ल्यानंतर देशभर नवी पार्कं निघाली. त्यातली शहाणी होती ती आपल्या मातीला धरून राहिली. डोंगरातल्या पार्कात खाणीची आगगाडी, नदीकाठच्या पार्कात वाफेची बोट, शेतीच्या मुलखात पाणचक्की. जिथला आजोबा जे करायचा तेच नातवाला खेळायला द्यायचं. पण याच काळात भोवती भिंत आली, एकच फाटक आलं, आणि फाटकावर कोण आत येणार हे ठरवणारा माणूस आला. इथे पोचल्यावर ताई घास हातात तसाच धरून ठेवायच्या.

एकदा कॉन्फरन्स रूममध्ये त्यांनी स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडमध्ये फुलांचा ताटवा होता, लांबलचक, अगदी काटकोनातला, आणि कडेने निळ्या फरशीची पट्टी.

"नाइस गार्डन," समीर म्हणाला.

"गार्डन नाही. स्विमिंग पूल आहे," ताई म्हणाल्या. "आधी इथे फक्त गोरे पोहायचे. मग कायदा आला, काळ्यांनाही उतरू द्या. मालकाने काय केलं? ट्रकने माती आणून पूल भरून टाकला. पोरं उन्हात तडफडली तरी चालतील, पण ती उतरायला नकोत. मी कामाला लागले तेव्हा माळ्याला विचारलं, ही निळी फरशी इथे कशाला. त्याने सांगितलं."

"पण तुम्ही नोकरी सोडली नाही," समीरने चिमटा काढला.

"नाही सोडली. पोट होतं. पण त्या बाजूच्या कँटीनमध्ये मी कधी पाऊल टाकलं नाही, आणि येईल त्या पाहुण्याला ती फरशी दाखवायची सोडली नाही. मालक मला घाबरायचा."

यावर समीर हसला नाही. पुढची स्लाइड लावा म्हणाला.

आमचं पार्क शारजाच्या औद्योगिक भागाच्या पलीकडे, मोकळ्या वाळूत व्हायचं होतं. पहिल्याच मीटिंगला मालकांना किल्ला हवा होता. मालक वयस्क, दिलदार माणूस, पोरांना घेऊन कॅलिफोर्नियाला जाऊन आलेले. ताईंनी विचारलं, "तुमचे आजोबा काय करायचे?" समीरने टेबलाखाली माझा पाय दाबला. जणू मीच विचारलं होतं.

मालकांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मोती काढायचे. बोटीवर असायचे."

"मग किल्ला कोणाचा बांधायचा?"

म्हातारा मोठ्याने हसला. त्यानंतर कॉफीवर कॉफी, आणि आजोबांच्या गोष्टी संपेनात. किल्ला गेला. त्याच्या जागी बोटींचा धक्का आला, अर्धवट बांधलेली लाकडी जहाजं आली, खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेल्या, रांगांसाठीच्या मांडवांत वारा येईल अशी जागा राखली गेली, आणि मध्ये शिडाच्या डोलकाठ्यांसारख्या खांबांवर मोठा आकाशपाळणा. त्या खांबांचा हिशेब करताना मी घाम गाळला. ताई रोज येऊन म्हणायच्या, "अजून बारीक कर. हत्ती बांधायचाय का त्याला?"

साइट सुरू झाली आणि ताई ऑफिसात दिसेनाशा झाल्या. भर उन्हात त्या तिथेच. सोनापूरच्या कामगार कँपमधून सकाळी बसगाड्या भरून माणसं यायची: बिहारी, पंजाबी, आपले काही सांगलीकडचे, आणि वेल्डिंगवाले बहुतेक तेलंगणातले. त्यांचा म्होरक्या नरसय्या. करीमनगरकडचा हा माणूस बोलायचा थोडं, पण नेमका नको तिथे. आकाशपाळण्याचे आरे जोडून होत आले तेव्हा त्याने वरूनच विचारलं, "मॅडम, ये चालू होगा तो हम लोग बैठेंगे?"

"बैठेंगे. क्यों नहीं बैठेंगे?" ताईंनी खालून सांगितलं. "मैं बिठाऊंगी."

मी शेजारीच होतो. आजूबाजूच्या दहा-वीस माणसांनीही ते ऐकलं. साइटवर असे शब्द वाऱ्यावर जातात. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत पार पलीकडच्या सुतारांना कळलं होतं की मॅडमने जबान दिली आहे.

पाळणा उभा राहिल्यावर त्याची चाचणी झाली. चाचणीला माणसं बसवत नाहीत. माणसांच्या वजनाची वाळूची पोती बसवतात. प्रत्येक पाळण्यात दोन-दोन पोती शेजारी शेजारी टेकवली आणि चाक सुरू झालं. पोती वर गेली, शारजा, दुबई, समुद्र, सगळं बघून खाली आली. सगळे टाळ्या वाजवत होते. नरसय्या हात पुसत म्हणाला, "मॅडम, रेत का बोरा तो घूम लिया. अब हमारा नंबर?"

"ओपनिंग होने दो. पहले ही शुक्रवार को," ताई म्हणाल्या.

शुक्रवारच का, तर त्यांना सुट्टी फक्त शुक्रवारी. आणि त्याच आठवड्यात पार्कच्या मॅनेजरकडून निरोप आला: शुक्रवारी फक्त फॅमिली. एकट्या पुरुषांना प्रवेश नाही. फाटकाचं ड्रॉइंग त्याप्रमाणे बदला. एक फॅमिली गेट आणि बाजूला एक लहान गेट, जे शुक्रवारी बंद.

आमच्याकडे याचं कुणाला नवल नव्हतं. किती तरी बागांत, पार्कांत हाच नियम असायचा. 'बॅचलर' म्हणजे ज्याचं लग्न झालं नाही तो नव्हे; घरी बायको आणि तीन पोरं असतील, पण ती करीमनगरला आहेत म्हणून हा बॅचलर. आम्ही शुक्रवारी गाडीतून बायको-मुलीला घेऊन ऐटीत आत शिरायचो, आणि फाटकाबाहेर इस्त्रीचे शर्ट घालून उभ्या असलेल्या माणसांकडे कुणी बघायचं नाही. तो नियम आमच्या सोयीचा होता.

ताईंनी ड्रॉइंग परत पाठवलं. फाटक एकच. समीरने बोलावून घेतलं, मीही होतो.

"मादाम, धिस इज नॉट माय रूल," समीर म्हणाला. "फॅमिलीज तक्रार करतात. हे पुरुष गर्दी करून टक लावून बघतात म्हणे. मी काय करू? मी स्वतः इथे आलो तेव्हा बॅचलर होतो, एका खोलीत आठ जण. मला का समजत नाही?"

"तेव्हा तुला कुणी आत सोडलं होतं?"

"नाही."

"मग आता तूच फाटक बंद करतोस?"

समीर खरोखर दुखावला. ड्रॉइंग पुढे सरकवून म्हणाला, "खलास, मादाम. सही करा, नाहीतर मी दुसऱ्याकडून करून घेतो. मग तुमचं काँट्रॅक्ट रिन्यू करा म्हणून मी कुणाला सांगू शकणार नाही."

"नको सांगूस. ज्या माणसांनी बांधलं त्यांनाच बाहेर ठेवणारं फाटक माझ्या नावाने उभं राहणार नाही. आणि मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही कुणाला विचारून दिलात?"

"शब्द विचारून देत नाहीत, समीर."

ड्रॉइंग दुसऱ्या कुणीतरी केलं. ताईंचं नाव सगळ्या शीट्सवरून उतरलं, आणि महिन्याभरात व्हिसा कॅन्सल होऊन देश सोडायची वेळ आली. मला वाटलं, त्या आता निदान आमच्यासमोर तरी चिडतील. त्यांनी फक्त बाकाचे नमुने ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकले आणि विमानाचं तिकीट ओपनिंगनंतरचं काढलं. मी समजूत घालायला गेलो, "ताई, तुमच्याच्याने होतं ते सगळं तुम्ही केलंत. नरसय्यालाही कळतं ते."

"मूर्खासारखं बोलू नकोस. त्याला पाळण्यात बसायचंय. मी नोकरी गमावली म्हणून तो वर जाणार आहे का?"

मी त्यांच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या बांधू लागलो.

पहिल्या शुक्रवारी मी, मंजिरी आणि आमची ईशा पार्कला गेलो. माझे खांब उभे होते. बघायला जाणं भाग होतं. फॅमिली गेटला तोबा गर्दी. बाजूचं लहान गेट बंद, आणि त्याच्यासमोर सोनापूरहून आलेली माणसं भांग पाडून, अत्तर लावून उभी. आपापली तिकिटं काढायची त्यांची तयारी होती. नरसय्या पुढे होता. त्यांच्यात ताई. पण मी आधी ओळखलंच नाही, कारण त्या जरीकाठी हिरव्या साडीत होत्या, अंबाड्यावर गजरा, लग्नघरातली करवली म्हणावी अशा. त्यांना साडीत मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या नरसय्याला आणि आणखी पाच-सहा जणांना घेऊन सरळ फॅमिली गेटवर आल्या. आम्ही मागेच होतो. रखवालदार नेपाळी, तरुण, घाबरट.

"मॅडम, फॅमिली ओन्ली."

"फॅमिली ही है."

"ये सब आपका फॅमिली?"

"हां. भाई लोग हैं मेरे."

त्याने एकेकाकडे बघितलं. एक सरदारजी होता, दोन बिहारी, नरसय्या. "सब भाई?"

"क्यों, तेरे को कम लगते हैं? बाहर और हैं."

सुपरवायझर आला. तो इजिप्तचा. ताईंनी त्याला खणखणीत इंग्रजीत विचारलं, "तुमचा रूल काय आहे? बाईबरोबर आलेला पुरुष म्हणजे फॅमिली. बरोबर? मग मी बाई आहे की नाही तेवढं सांग." मागे रांग थांबली होती, बायका-पोरं बघत होती, आणि आईच्या वयाच्या बाईशी चारचौघांत हुज्जत घालायची त्या मुलखात पद्धत नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. तो इकडेतिकडे बघून, हाताने आत चला अशी खूण करत म्हणाला, "यल्ला, मादाम. यल्ला." ते सगळे आत गेले.

ईशा म्हणाली, "बाबा, आर दे ऑल हर ब्रदर्स?" मी हो म्हणालो.

ताईंनी त्यांना आकाशपाळण्याच्या मांडवात नेऊन सोडलं, आणि आमच्याकडे न बघता बाहेरच्या वाटेने निघाल्या. थोड्या वेळाने त्या पुन्हा फाटकावर, बरोबर दुसरे भाऊ. रखवालदाराने या वेळी काही विचारलं नाही. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सुपरवायझर लांबून पाठ करून उभा होता, फोनवर बोलल्यासारखं करत. वर पाळण्यात नरसय्या दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून बसला होता. ज्या माणसाने हा सांगाडा उघड्यावर बसून जोडला, त्याची आता वर जाऊन भीतीने गाळण उडालेली बघून खाली सुतार पोट धरून हसत होते.

ताई कितव्यांदा तरी आत आल्या तेव्हा साडीचा काठ धुळीने माखला होता आणि त्यांना दम लागला होता. मी पुढे होऊन म्हणालो, "ताई, आता पुरे. तुम्ही तरी एकदा बसा. तुमचंच पार्क आहे."

"अरे, बाहेर अजून उभे आहेत ना," त्या म्हणाल्या, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन प्याल्या, आणि येणाऱ्या गर्दीतून उलट्या दिशेने वाट काढत फाटकाकडे चालू लागल्या. त्या आठवड्यातच त्या देश सोडून गेल्या. मला त्या दिसल्या त्या शेवटच्या अशा.

मंजिरी त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग तिने ईशाचा हात माझ्या हातात दिला, ओढणी नीट केली, आणि मला काही न सांगता त्यांच्यामागून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे गेली.